वाट मागण्याचा अधिकार

नगरातील रस्ता ही सर्वांची सामाईक ठेव आहे. ती कशी वाटून घ्यावी हा प्रश्न प्रथमदर्शनी स्थापत्यशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो न्यायाचा आहे. सायकलींसाठी स्वतंत्र व निर्धोक मार्ग असावेत, अशी मागणी अलीकडे आपल्या अनेक शहरांतून नागरिक करू लागले आहेत. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात महानगरपालिकेने २०१७ साली त्यासाठी एक सर्वंकष आराखडाही संमत केला. या मागणीस काही हौशी लोकांचा छंद समजणारे पुष्कळ आहेत. तिच्या मुळाशी कोणते नैतिक तत्त्व आहे, हे तपासून पाहावे असे आम्हांस वाटते.

सायकलस्वार थोडे, मोटारी फार. मग थोड्यांसाठी पुष्कळांच्या रस्त्याचा भाग का काढावा, असा आक्षेप घेतला जातो. तो वरवर लोकशाहीस धरून दिसतो. परंतु भयाने ज्यांनी सायकल सोडली, ज्या मुलांना आईबापांनी रस्त्यावर धाडलेच नाही, त्यांची गणना कोणी केली? अन्यायाने घटलेली संख्या त्याच अन्यायाच्या समर्थनार्थ पुढे करणे कितपत योग्य? शिवाय वाहनाचा वेग दुप्पट झाला की त्याच्या आघाताची शक्ती चौपट होते. ज्याच्यापासून धोका उद्भवतो त्याने अधिक काळजी वाहावी, हा नीतीचा साधा दंडक आहे. दुबळ्यानेच नेहमी वाट सोडावी, ही बळाची रीत झाली.

सायकलींचा देश म्हणून आज नेदरलंड्सचे नाव घेतले जाते. पण तेथेही हे सुख मागितल्यावाचून मिळालेले नाही. १९७१ साली त्या लहानशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आपले अपत्य गमावलेल्या विक लांगेनहॉफ या पत्रकाराने १९७२ साली ‘मुलांची हत्या थांबवा’ अशा मथळ्याचा लेख लिहिला आणि त्याच नावाने चळवळ उभी राहिली. मथळ्यातील शब्द कठोर आहे. परंतु जे टाळता येते त्यास दैव म्हणून स्वस्थ बसू नये, हाच त्याचा आशय. पुढे १९७३ च्या अखेरीस तेलटंचाईमुळे तेथे रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा मोकळा रस्ता कसा असतो हे सर्वांनीच पाहिले.

आपल्याकडे मात्र याहून अवघड एक प्रश्न आहे. सायकलमार्ग मागणारा बहुधा सुशिक्षित असतो. त्याच्या दारी मोटारही उभी असते. ज्याचे पोट सायकलीवर आहे, तो गोव्यात भोंगा वाजवीत दारोदार पाव पोहोचविणारा पोदेर, रंगाचे डबे टांगून निघालेला रंगारी, रात्रपाळीचा पहारेकरी, सभेस येत नाही. सभेच्या वेळी तो कामावर असतो किंवा झोपलेला असतो. मग स्वेच्छेने सायकल चालविणाऱ्याने निरुपायाने चालविणाऱ्याच्या नावाने बोलावे काय?

आमच्या मते अवश्य बोलावे. मात्र एका अटीवर. मागितलेली वाट त्या दुसऱ्याच्याही उपयोगाची असली पाहिजे. हैदराबादेत बाह्य वर्तुळमार्गालगत २०२३ साली सुमारे २३ किलोमीटरांचा, सौर पटलांनी आच्छादलेला सायकलमार्ग खुला झाला. उपक्रम देखणा खरा. पण तो नगराच्या कडेने जातो, आणि रंगाऱ्याची वाट बाजारातून, चौकातून, पुलावरून जाते. रस्त्याची जागा वाटताना वाहनांपेक्षा माणसांचा विचार प्रधान असावा, हे तत्त्व केंद्र सरकारच्या २००६ च्या नागरी परिवहन धोरणाने मान्य केलेलेच आहे. त्या माणसांत पोदेर येतो की नाही, एवढेच पाहावयाचे.

म्हणून नगरपालिकेकडे अर्ज घेऊन जाण्यापूर्वी मागणी करणाऱ्यांनी एक दिवस पहाटे नाक्यावर उभे राहावे, कामावर निघालेल्यांस थांबवून विचारावे, ‘बाबा, तुम्हांला कोणत्या वळणावर भीती वाटते?’ आणि त्या वळणापासून आराखड्याचा आरंभ करावा. वाट मागण्याचा अधिकार सर्वांचाच आहे. तो दुसऱ्यासाठी वापरला म्हणजे त्याला नैतिक बळ येते.