धावणाऱ्याची खैरात

उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये, हे आम्ही उर्दू शाळेतले शिक्षक मुलांना दरवर्षी शिकवतो. मग छातीवर संस्थेचे नाव लावून, हजारोंसमोर 42 किलोमीटर धावून पैसे गोळा करणे म्हणजे काय? सदका की दिखावा?

आम्हाला कॅनडाचा टेरी फॉक्स आठवतो. कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय कापावा लागला होता. एप्रिल 1980 मध्ये कृत्रिम पायावर निघाला आणि रोज जवळजवळ एका मॅरेथॉनइतके धावत राहिला. मागणे एवढेच, की प्रत्येक देशबांधवाने कर्करोग-संशोधनासाठी एक डॉलर द्यावा. आमच्या मालाची जाहिरात कर म्हणणाऱ्या कंपन्यांना त्याने नकार दिला. 143 दिवस, 5,373 किलोमीटर. मग रोग फुप्फुसांत पसरला आणि तो थांबला. फेब्रुवारी 1981 पर्यंत 2 कोटी 40 लाखांवर डॉलर जमले, म्हणजे माणशी एक. जूनमध्ये तो वारला. वय अवघे बावीस.

हेच त्याने गुपचूप केले असते तर? कुरआनने उघड दानालाही चांगलेच म्हटले आहे, गुप्त दान अधिक चांगले. पण देणारा आणि मागणारा यांचा हिशेब आम्ही वेगळा मानतो. देणाऱ्याने लपावे, दुसऱ्यासाठी मागणाऱ्याला लपून कसे चालेल?

2004 साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्येही अनेकजण संस्थांसाठी निधी जमवतात. बुटांचा, प्रवासाचा खर्च सरळच का देत नाहीत, असे आमचे सहकारी विचारतात. प्रश्न खरा आहे. मात्र विचारणाऱ्यांनी तेवढी रक्कम दिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. गुप्तपणे दिली असेल, तर अल्लाह जाणे.