वाडीची वार्ता कोणाच्या हाती?



बावीस प्रतिज्ञा घेऊन आपण जुन्या रूढींचे ओझे उंबरठ्याबाहेर टाकले. आता स्वतःला एक प्रश्न विचारा. विहारात सभा आहे, ग्रामसभेत आपल्या वाडीच्या पाण्याचा विषय आहे, ही वार्ता तुमच्या घरी कोण आणतो? देवगडपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत आज पुष्कळ घरांचे उत्तर एकच येईल: मोबाईल. फेसबुकवर दिसले तर कळले, न दिसले तर राहिले.

यंत्र वाईट नाही. परंतु कोणती वार्ता कोणापुढे ठेवावयाची, हे तेथे कंपनीचा नफा ठरवितो. नजर खिळवून ठेवील ते वर येते. विहारातील सभेची सूचना खाली राहते. आणि ज्या आजीकडे तसा फोनच नाही, ती चळवळीबाहेर पडते. बाहेर ठेवले जाणे म्हणजे काय, हे आपणांस कोणी शिकवावयास नको.

बाबासाहेबांनी हा धोका फार पूर्वी ओळखला. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. पैसे देऊ केले असताही त्याची जाहिरात ‘केसरी’ने छापली नाही. आपली वार्ता दुसऱ्याच्या मर्जीवर सोडता येत नाही, हा त्यातला धडा. म्हणून पैशाची ओढाताण सोसून त्यांनी १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’, १९३० साली ‘जनता’ काढले आणि १९५६ साली ‘जनता’चेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले.

भगवान बुद्धांनी वज्जींच्या उन्नतीची जी सात कारणे सांगितली, त्यांत पहिले हेच की ते वारंवार एकत्र जमतात. जमणाऱ्या माणसांना एकमेकांची खबर असते. कालामांना तर त्यांनी ऐकीव गोष्ट पारखून घ्यावयास शिकविले. ही पारख आज किती निकडीची आहे पाहा. ‘दीक्षा घेतली की मुलांच्या सवलती गेल्या’ अशी आवई उठते आणि एखादे कुटुंब दीक्षेपासून मागे फिरते. वास्तविक १९९० च्या कायदादुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही त्या सवलती केंद्रात मिळाल्या. हे ज्याला ठाऊक आहे आणि जो शेजाऱ्याला सांगत नाही, त्याच्या मौनाला सम्यक वाचा म्हणावे काय?

तेव्हा वार्ता पोचविणे हे धम्मकार्य माना. विहाराच्या भिंतीवर एक फळा लावा. दर पौर्णिमेच्या वंदनेनंतर पंधरा मिनिटे वाडीच्या कामाला द्या. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात; त्यांची नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर जाऊन कोणी तरी वाचावी. कचेरीत उत्तर मिळत नसेल, तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे: दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. मिळालेले उत्तर वहीत तारखेसह उतरवा आणि ते सर्वांना वाचून दाखवा. मुंबईला असलेल्या चाकरमान्यांनाही ते कळवा.

मोबाईल वापरा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. फोन नसलेल्या घराचे दार ज्याने ठोठावले, त्याने करुणा आचरणात आणली. येत्या पौर्णिमेला तुमच्या वाडीत ते दार कोण ठोठावणार, हे आजच ठरवा.

जयभीम!