अफूचे धन आणि दानाचे पुण्य

दात्याच्या हाती असलेले धन कोणत्या मार्गाने आले, हा प्रश्न भारतीय धर्मविचारात दानाच्या कल्पनेइतकाच जुना आहे. देवलाच्या नावावर असलेल्या स्मृतिवचनात दानाची सहा अंगे मोजली आहेत: दाता, प्रतिग्रहीता, श्रद्धा, धर्माने मिळवलेली वस्तू, देश आणि काळ. यांतले चौथे अंग नसेल तर दान अपुरे ठरते. मनूने सर्व प्रकारच्या शुद्धींमध्ये धनाच्या व्यवहारातली शुद्धी श्रेष्ठ मानली. तुकोबांनीही धन जोडण्याला विरोध केला नाही. ते उत्तम व्यवहाराने जोडावे एवढी अट घातली. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत या अटीची कठोर परीक्षा झाली, आणि त्या परीक्षेचा विषय होता चीनला जाणारी अफू.

चीनचा चहा इंग्लंडला हवा होता, पण त्याच्या बदल्यात चीनला द्यायला चांदीखेरीज फारसे काही नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीने ही अडचण अफूने सोडवली. बिहार आणि बनारस भागातल्या अफूवर कंपनीची मक्तेदारी होती. शेतकऱ्याला आगाऊ रक्कम देऊन खसखशीची लागवड करवून घेतली जाई, माल कंपनीच दर ठरवून उचले, पाटणा आणि गाझीपूरच्या कारखान्यांत त्याचे गोळे होत आणि पेट्या कलकत्त्याच्या लिलावात विकल्या जात. चीनमध्ये अफूच्या धूम्रपानावर आणि विक्रीवर १७२९ पासून बंदी होती आणि शतक संपता संपता आयातीवरही आली. म्हणून कंपनीने आपल्या जहाजांतून अफू नेण्याचे बंद केले. लिलावात ती खासगी व्यापाऱ्यांना विकायची आणि पुढे काय होते ते आपल्याला ठाऊक नाही असे वागायचे, ही तिची रीत. जहाजे कँटनच्या अलीकडे लिंटिन बेटापाशी थांबत आणि तिथून चोरट्या नावा माल किनाऱ्यावर पोहोचवत.

पश्चिमेकडची गोष्ट वेगळी होती. शिंदे-होळकरांच्या मुलखात, माळव्यात पिकणारी अफू कंपनीच्या ताब्यात नव्हती. ती रोखण्याचे प्रयत्न फसले, कारण माल कराचीमार्गे पोर्तुगिजांच्या दमणला पोहोचे आणि तिथून चीनला जाई. अखेर १८३०च्या सुमारास कंपनीने पेटीमागे कर घेऊन परवाने द्यायला सुरुवात केली आणि माळव्याची अफू मुंबई बंदरातून उघडपणे जाऊ लागली. १८४३ मध्ये सिंध जिंकून कराचीची वाट बंद केल्यावर हा कर टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आला. शतकाच्या मध्यावर ब्रिटिश हिंदुस्थानच्या महसुलाचा साधारण सातवा हिस्सा अफूतून येत होता.

या व्यापारावर मुंबईचा एक मोठा व्यापारी वर्ग उभा राहिला. पारशी जमशेटजी जीजीभाई, जैन मोतीशा शेठ म्हणजे मोतीचंद अमीचंद, कोकणी मुसलमान महंमद अली रोगे आणि गोव्याचे ख्रिस्ती रोजेरियो द फारिया हे चार धर्मांचे चौघे एकमेकांच्या भागीदारीत किंवा निकटच्या व्यवहारात होते. जमशेटजींनी चीनच्या पाच सफरी केल्या. त्यांतल्या एका सफरीत, १८०५ मध्ये, त्यांची विल्यम जार्डिनशी ओळख झाली. हाच जार्डिन पुढे चीनमधल्या सर्वांत मोठ्या अफू-पेढीचा संस्थापक झाला आणि जमशेटजी त्या पेढीचे मुंबईतले प्रमुख सहकारी.

याच धनातून जे उभे राहिले ते मुंबईकरांच्या रोजच्या वापरातले आहे. जे. जे. रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी माहीमची खाडी ओलांडणारा रस्ता खुला झाला. त्याचा मोठा खर्च जमशेटजींच्या पत्नी आवाबाई यांनी उचलला होता. पुढे कलाशाळा आली, पारशी मुलांसाठी शिक्षणसंस्था आली. मोतीशा शेठांनी भायखळ्याला आदिनाथाचे मंदिर बांधले, पालिताण्याला मंदिरसमूह उभारला आणि जमशेटजींच्या साथीने १८३४ मध्ये मुंबईचा पांजरपोळ स्थापन केला. कापसाच्या व्यापाराचाही या संपत्तीत वाटा होता, हे नोंदवले पाहिजे. पण अफू वजा करून ती समजत नाही.

पांजरपोळाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. रस्त्यावरच्या कुत्र्याला मारू नये म्हणून ज्यांनी पैसा दिला, त्यांच्याच पेट्या कँटनच्या लोकांना व्यसनात लोटत होत्या. जैन आचारात श्रावकाने टाळायचे पंधरा धंदे सांगितले आहेत आणि त्यांत विषाचा व्यापार आहे. बुद्धाने उपासकांसाठी वर्ज्य ठरवलेल्या पाच व्यापारांत मद्य आणि विष दोन्ही येतात. पारशी धर्माचा तर सारा भार सद्विचार, सद्वचन आणि सत्कृती यांवर आहे. नियम कोणत्याच परंपरेत अपुरे नव्हते.

व्यापाऱ्यांच्या बाजूने काही गोष्टी बोलता येतात. अफू त्या काळी औषध म्हणून घरोघरी होती, इंग्लंडमध्येही ती दुकानात मिळे. व्यापार सरकारच्या परवान्याने चाले. देशी व्यापारी राज्यकर्त्यांच्या हाताखाली होता, त्याच्यापुढे फारसे पर्याय नव्हते. यांतला शेवटचा मुद्दा वजनदार आहे, कारण वसाहतीच्या व्यवस्थेत भांडवल जमवण्याच्या बऱ्याच वाटा इंग्रज पेढ्यांनी अडवल्या होत्या. परंतु चिनी कायद्याची माहिती नव्हती असे म्हणता येत नाही. १८३९ मध्ये लिन झेशू या चिनी आयुक्ताने वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या. त्यांत मुंबईच्या व्यापाऱ्यांचाही माल होता आणि त्यांनी भरपाईसाठी इंग्रज सरकारकडे दाद मागितली. त्यानंतर झालेले युद्ध १८४२च्या नानकिंग तहाने संपले आणि हाँगकाँग ब्रिटिशांकडे गेले. त्याच वर्षी जमशेटजींना ‘सर’ ही पदवी मिळाली; ती मिळवणारे ते पहिले भारतीय.

वसाहतीच्या व्यापाराचे खरे नैतिक वैशिष्ट्य इथे दिसते. त्याने एका कृत्याचे इतके तुकडे केले की कोणालाच ते आपले वाटेना. शेतकऱ्याने पीक काढले, कंपनीने लिलाव केला, शेठने माल घेतला, कप्तानाने नेला, तस्कराने उतरवला. प्रत्येकाचा वाटा लहान आणि परिणाम समुद्रापलीकडे. भारतीय विचाराला मात्र हे कोडे नवे नव्हते. पतंजलींनी हिंसेचे स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि अनुमोदन दिलेली असे तीन प्रकार मानले. मनूने मांसाच्या संदर्भात अनुमती देणाऱ्यापासून विकणारा, विकत घेणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणाऱ्यापर्यंत साऱ्यांना घातक म्हटले. ही दृष्टी अफूच्या पेटीला लावली, तर कंपनीचे हात कोरडे राहत नाहीत आणि शेठचेही नाहीत.

मग दानाने काय झाले? कर्मसिद्धान्त पाप-पुण्याची वजाबाकी सहसा मान्य करत नाही; दोन्हींची फळे वेगवेगळी भोगावी लागतात. पाप हटवायचे तर प्रायश्चित्त हवे, आणि प्रायश्चित्तात चुकीची कबुली, पश्चात्ताप आणि ते कर्म थांबवणे येते. मुंबईच्या देणग्या सुरू होत्या तेव्हा व्यापारही सुरू होता, आणि दानाचा ओघ कँटनच्या व्यसनी माणसाकडे वळला नाही. म्हणून त्या देणग्या दान होत्या, उदार दान होत्या, पण प्रायश्चित्त नव्हत्या. रुग्णालयात बरा झालेला रोगी मात्र या हिशेबात दोषी नाही, कारण त्याने घेतलेले उपचार ही त्याची गरज होती.

वेगळी वाट शक्य होती, याचा पुरावा त्याच समाजात आहे. दादाभाई नौरोजी १८५५ मध्ये लंडनला कामा कंपनीचे भागीदार म्हणून गेले. अफू आणि मद्याच्या व्यवहारातून नफा घेणे त्यांना पटले नाही; ते तीन वर्षांत बाहेर पडले आणि नंतर त्यांनी स्वतःची कापसाची पेढी काढली. अफूच्या महसुलावर त्यांनी पुढे जाहीर टीका केली. कलकत्त्यात तरुण रवींद्रनाथांनी १८८१ मध्ये या व्यापाराला मरणाचा व्यापार म्हणणारा लेख लिहिला.

या काळाचा टिकून राहिलेला परिणाम इमारतींपेक्षा प्रतिष्ठेच्या कल्पनेत अधिक आहे. संपत्ती कशी मिळाली हे न विचारता ती कशी खर्च झाली यावरून माणसाची थोरवी ठरवायची, ही सवय पदव्या आणि पाट्यांच्या त्या युगात पक्की झाली. १९०७च्या करारानुसार हिंदुस्थानची चीनकडे जाणारी अफू दरवर्षी कमी होत गेली आणि दहा वर्षांत ती निर्यात थांबली. सवय थांबली नाही. मुंबईचा इतिहास शाळेत शिकवताना दात्यांच्या नावांशेजारी माळवा, दमण आणि कँटन ही नावेही लिहिली गेली पाहिजेत.