काढलेला रंग कोठे जातो?

सज्जनहो, आवरण दूर झाले की वस्तू आपोआप प्रकट होते, हा सिद्धांत मी चाळीस वर्षे कीर्तनातून मांडीत आलो. गेल्या उन्हाळ्यात सूनबाईने त्यावर एक साधा प्रश्न घातला आणि माझीच खरडपट्टी निघाली.

आमचा वाडा वडिलार्जित. दिवाणखान्याचे खांब, दाराची चौकट सगळे सागवानी. पण दर लग्नकार्याला त्यांवर ऑइलपेंटचा हात फिरत गेला. वर बदामी, त्याखाली हिरवा, त्याखाली तपकिरी. खांबांवरची कोरीव कमळे इतकी बुजली की पाकळ्या मोजता येईनात. डागडुजी काढली तेव्हा म्हटले, हा रंग उतरवूच. सुतारबुवा पटाशी आणि काचकागद घेऊन कोरडेच खरवडू लागले. दुसऱ्या दिवशी पहिले कमळ मोकळे झाले. मला तर दृष्टांतच सापडला! एकादशीच्या कीर्तनात सांगून टाकला : साग कोणी नवा घडविला नाही, तो होताच, तसा आत्मा सिद्धच आहे, रंग तेवढा काढा. टाळकऱ्यांनी गजर केला.

घरी आलो तर सूनबाई म्हणाली, "मामंजी, लाकूड होतंच, कबूल. पण काढलेला रंग गेला कुठे?"

सकाळी ओसरीवर जाऊन पाहिले. सगळीकडे भुकटी, आणि त्या भुकटीत बसून सुतारबुवांचे तीन वर्षांचे पोर भाकरी खात होते.

सूनबाई आरोग्यखात्यात आहे. तिने समजावून दिले. जुन्या ऑइलपेंटात शिसे असे. सफेदा शिशाचा, शेंदूरही शिशाचाच. घरगुती रंगांत दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक शिसे नको, हा नियम 2016 साली झाला आणि 2017 पासून लागू झाला. आमचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. ती धूळ पोटात गेली की लहान मुलांच्या मेंदूला इजा होते, आणि 'इतकी चालेल' अशी मात्राच नाही. ब्लोलॅम्पने रंग जाळावा तर धूरही तितकाच घातक.

दृष्टांतात खोट कोठे राहिली? दोरीवर साप भासला, दिवा आणला, साप गेला. तो मरून कोठे पडला असे कोणी विचारीत नाही, कारण तो नव्हताच. रंग मात्र होता! मल, विक्षेप आणि आवरण असे तीन दोष शास्त्राने वेगळे सांगितले ते उगाच नव्हे. आवरण ज्ञानाने जाते, मागे काही उरत नाही. मल घासावा लागतो, आणि घासलेला मल कोठेतरी पडतो. मी मलाला आवरणाचा न्याय लावला. पाठशाळेत असे उत्तर दिले असते तर गुरुजींनी कान पिळला असता.

आणि मग एक जुने कीर्तन आठवले. एका गावी निरूपणाच्या भरात मी एका व्यसनी गृहस्थाला झोडपले. नाव घेतले नाही, पण साऱ्यांना कळले. तो मागे उभा राहून हसत होता. पुढे त्याची बायको मुलीला घेऊन बसली होती. ती मान खाली घालून उठून गेली. गावकरी म्हणाले, "बुवा, आज चांगलं सोलून काढलंत." मीही खूष. त्याची दारू सुटली नाही. माझी भुकटी पडली ती त्या मुलीच्या अंगावर. म्हणून दोष दाखवूच नयेत काय? तसे नव्हे. पण त्याला ओसरीवर बोलावून चार शब्द सांगता आले असते. तिथे गजर नसता झाला, एवढेच.

सुतारबुवांचे काम आम्ही थांबविले. पोराचे रक्त तपासायला पाठविले. शिसे निघाले, थोडे, पण निघाले. ते आमच्याच रंगाचे, असे डॉक्टर ठामपणे सांगेनात. पुढचे काम पाणी मारून, ओले करून, नाकातोंडाला मास्क लावून झाले. मुले दूर ठेवली, खाली प्लॅस्टिक अंथरले, झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसले. दिवस दुप्पट लागले, मजुरीही. देवघराच्या चौकटीवरचा रंग घट्ट होता, त्याला हात लावला नाही. वरून नवा हात दिला.

शेवटच्या दिवशी सुतारबुवांनी खरवड डब्यात भरून विचारले, "महाराज, हे नदीत सोडू का उकिरड्यावर टाकू?"

दोन्ही नको म्हटले. डबा झाकण लावून माडीवर ठेवला आहे. नगरपालिकेत दोनदा जाऊन आलो. डबा अजून तिथेच आहे.