जलपरीचा आत्मा

मुलांनी जादूचे सिनेमे पाहावेत की पाहू नयेत? मे महिन्याची सुट्टी लागली की हा प्रश्न मिस्सानंतर चर्चच्या आवारात हमखास निघतो. कुणी म्हणते, त्यात काय, गोष्टीच आहेत. कुणी म्हणते, चेटूक ते चेटूकच.

ख्रिस्तसभेतही याबाबत एकमत नव्हते. ‘हॅरी पॉटर’चा पहिला चित्रपट २००१ साली आला. २००३ साली व्हॅटिकनच्या एका पत्रकार परिषदेत फादर पीटर फ्लीटवुड यांनी या पुस्तकांत आपल्याला वावगे दिसत नाही असे सांगितले. त्याच वर्षी कार्डिनल राटझिंगर, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे, यांनी एका जर्मन लेखिकेला लिहिलेल्या पत्रात अशा नकळत शिरणाऱ्या मोहांविषयी काळजी व्यक्त केली. पुढे २००९ साली व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने सहाव्या चित्रपटाचे कौतुक केले. म्हणजे बंदी नाही आणि सरसकट शिफारसही नाही. निर्णय आईवडिलांच्या विवेकबुद्धीवर सोडलेला आहे.

कॅथॉलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाचा २११७ वा परिच्छेद मात्र स्पष्ट आहे. गूढ शक्ती वश करून त्यांना आपल्या कामाला लावणे, दुसऱ्यावर हुकूमत मिळवणे, हे पाप आहे. आजार बरा करण्याच्या हेतूने केले तरीही. ताईत-गंडे बांधणेही त्यात येते. हा परिच्छेद वाचला की सिनेमापेक्षा आपली घरे आधी आठवतात. हॅरी पॉटर घरात नको म्हणणाऱ्यांच्या नव्या गाडीपुढे लिंबू-मिरची लटकलेली आम्ही पाहिली आहे. मूल रडायचे थांबेना म्हणून दृष्ट काढणारी घरेही कमी नाहीत. पडद्यावरची कांडी खोटी आहे हे सात वर्षांच्या मुलालाही कळते. लिंबू खरेच काम करते असे मात्र त्याला त्याचे वडीलच दाखवत असतात.

तेव्हा गोष्टीत जादू आहे की नाही, यावर फार अडून बसू नये असे आम्हांला वाटते. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणारे टॉल्किन श्रद्धाळू कॅथॉलिक होते. त्यांच्या पुस्तकात ती दुष्ट अंगठी नष्ट होते तो दिवस २५ मार्च. देवदूताने पवित्र मरियेला संदेश दिला तो सण. सगळी धडपड आहे ती अंगठी वापरण्यासाठी नव्हे, टाकून देण्यासाठी. जादू भरपूर आहे, पण कथा जादूच्या बाजूने नाही.

आम्हांला खरी चिंता वाटते ती सिनेमात काय गाळले जाते त्याची. हान्स अँडरसन यांची जलपरीची गोष्ट १८३७ सालची. त्यातल्या जलपरीला राजपुत्र हवा असतो, पण तेवढेच नाही. जलपऱ्या तीनशे वर्षे जगतात आणि मग फेस होऊन विरतात. माणसाला अमर आत्मा असतो, असे आजीने तिला सांगितलेले असते. तिला तो आत्मा हवा आहे. त्यासाठी ती जीभ देते, पाऊल टाकताना सुऱ्यांवरून चालल्यासारख्या वेदना सोसते. राजपुत्र दुसरीशीच लग्न करतो. बहिणी केस कापून देऊन चेटकिणीकडून सुरी आणतात: सूर्योदयापूर्वी त्याला मार म्हणजे तू वाचशील. ती झोपलेल्या जोडप्याकडे पाहते आणि सुरी समुद्रात फेकून देते. स्वतःही लाटांत उडी घेते. तिला फेस व्हायचे आहे हे ठाऊक असून तिने हे केले, आणि तिथेच तिला आत्मा मिळवण्याची वाट उघडते.

डिझ्नीच्या १९८९ च्या चित्रपटात, आणि २०२३ च्या नव्या आवृत्तीतही, ती सुरी नाही. अमर आत्म्याची तिची ओढ नाही. चेटकीण मरते, लग्न होते. गाणी छान आहेत. पण जिवावर बेतले असताना दुसऱ्याचा जीव न घेणारी मुलगी त्यात उरली नाही.

सगळेच असे नसते. अँडरसन यांच्या ‘हिमराणी’त गेर्डा प्रभूची प्रार्थना म्हणते तेव्हा तिच्या श्वासांचे देवदूत होतात. तिकडे काय हा मुलगा तीच प्रार्थना म्हणू पाहतो तर त्याला फक्त पाढे आठवतात. या कथेवरून सुचलेल्या ‘फ्रोझन’ (२०१३) मध्ये प्रार्थना गेली, पण बहिणीसाठी तलवारीपुढे उभी राहणारी बहीण आहे. तेवढे टिकले, हेही थोडे नाही.

मग ‘मॅलेफिसेंट’ (२०१४). जुन्या गोष्टीतली दुष्ट परी इथे आधी अन्याय सोसणारी आहे. राजा होण्यासाठी बालमित्रच विश्वासघाताने तिचे पंख कापतो. अशाने बऱ्यावाईटातला फरक पुसला जातो, ही टीका आम्ही ऐकली आहे. ‘विकेड’ (२०२४) बद्दलही तेच बोलले गेले. पण दोन्हींत अंतर आहे. ‘विकेड’ची चेटकीण खोट्या आरोपांनी दुष्ट ठरवली जाते. मॅलेफिसेंट मात्र शाप खरोखरच देते, तोही तान्ह्या मुलीला. पुढे त्याच मुलीवर जीव जडतो, ती शाप मागे घेऊ पाहते आणि तिला ते जमत नाही, कारण कुठलीही शक्ती तो उतरवू शकणार नाही असे तिनेच म्हटलेले असते. निजलेल्या मुलीपाशी ती क्षमाही मागू धजत नाही. पापनिवेदनाच्या तयारीसाठी धर्मशिक्षणाच्या वर्गात दाखवावा असा तो प्रसंग आहे.

हा चित्रपट मुलांबरोबर पाहिल्यावर आम्ही एकच विचारतो: चूक कुणाची? मुले आधी पंख कापणाऱ्याचे नाव घेतात, तावातावाने. मग थोड्या वेळाने कुणीतरी पाळण्यातल्या बाळाबद्दल बोलते.