चेंडूवाचूनची धाव

ओहोटी लागली की कोर्लईच्या डोंगराखालची ओली पुळण काही तास घट्ट होते आणि मुले दगडांचे गोलखांब मांडून फुटबॉल खेळू लागतात. आम्ही काही प्रौढ मंडळी कडेला उभे राहून पाहतो, न विचारता सल्लेही देतो.

धर्मग्रामाच्या सणानिमित्त झालेल्या एका सामन्यानंतरचा प्रसंग मात्र आमच्या मनातून जात नाही. आमची मुले जिंकली होती. ध्वनिक्षेपकावरून गोल करणाऱ्याचे नाव तीनदा पुकारले गेले. उजव्या बगलेवर खेळलेला बारा-तेरा वर्षांचा मुलगा एका बाजूला मान खाली घालून बसला होता. प्रशिक्षकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "तू धावलास म्हणूनच गोल झाला रे!" त्यावर तो म्हणाला, "मग सर, माझं नाव का नाही घेतलं?"

प्रशिक्षकांनी तिघांची चाल बसवली होती. पहिल्याने मधल्याला पास द्यायचा, मधल्याने एकाच स्पर्शात तो पुढे सोडायचा. तिसऱ्याने त्याआधीच भलत्या दिशेला धाव घ्यायची, म्हणजे बचावपटू त्याच्यामागे ओढला जातो व रिकाम्या झालेल्या जागेत चेंडू येतो. त्या रिकाम्या जागेवर गोल होतो. ती रिकामी करणाऱ्याला चेंडू मिळतच नाही. आमच्या किनाऱ्यावर होडी परतली की मासळीचे वाटे होतात. सुकाणू धरणाऱ्याला वाटा असतो, तसा जाळे ओढणाऱ्यालाही असतो. गोलाचे वाटे होत नाहीत. मुंबईच्या मैदानांवर खेळलेल्या नेव्हिल डिसोझा यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या गोलांआधी कोण कोण धावले, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील?

तेव्हा प्रश्न असा, की एखाद्या मुलाला अशी धाव धावायला सांगण्याचा अधिकार वडीलधाऱ्यांना आहे का? माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७८५ सालीच बजावून ठेवले आहे. "संघासाठी झिजावे" हे उत्तर आमच्या ओठांवर तयार होते. पण ते देणारे आम्ही कडेला उभे होतो आणि झिजणारा तो होता. त्यागाचा उपदेश नेहमी दुसऱ्यालाच करणे फार सोपे असते.

उत्तर शोधताना खुद्द खेळानेच आम्हाला वाट दाखवली. २००२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलच्या क्लेबर्सनने दिलेला पास रिव्हाल्डोने आपल्या पायांमधून तसाच पुढे जाऊ दिला आणि पलीकडे मोकळ्या असलेल्या रोनाल्डोने गोल केला. नोंदवहीत रोनाल्डो आहे, क्लेबर्सन आहे. रिव्हाल्डोने चेंडूला स्पर्शच केला नाही, मग नोंद कशाची होणार? परंतु जर्मनीचे बचावपटू फसले ते का? रिव्हाल्डोने त्या स्पर्धेत आधीच पाच गोल केले होते म्हणून. तो मारू शकतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. ज्याला चेंडू कधीच मिळणार नाही, त्याच्यामागे कोणता शहाणा बचावपटू धावेल?

म्हणजे एकाच मुलाला कायम हुलकावणीसाठी राबवणारा प्रशिक्षक त्या मुलावर अन्याय करतोच, शिवाय आपली चालही बिघडवतो. धाव घेणाऱ्याला चेंडू मिळण्याची शक्यता खरी असली पाहिजे. ती खरी असेल तर चेंडू न मिळणे हे त्याचे देणे ठरते. नसेल तर ती निव्वळ वेठबिगारी होय. (आमच्या सणांत दरवर्षी मांडव घालणारे आणि दरवर्षी व्यासपीठावर बसणारे कोण कोण असतात, हेही या निमित्ताने आठवले.)

भारतीय संघाचे थोर प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी हे ओळखले असावे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत जर्नेल सिंग हा त्यांचा कणखर बचावपटू. दुसऱ्यांचे गोल अडवणे हेच त्याचे काम. डोक्याला दुखापत होऊन टाके पडल्यावर रहीम यांनी त्याला पुढच्या फळीत खेळवले. दक्षिण कोरियाविरुद्धचा अंतिम सामना भारताने २-१ असा जिंकला. त्यांतला एक गोल पी. के. बॅनर्जी यांचा, दुसरा या जर्नेलचा.

हे सारे आम्ही प्रशिक्षकांपुढे मांडले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, फारसे काही बोलले नाहीत. पुढच्या सरावात मात्र त्यांनी दोन बदल केले. भलतीकडे धावण्याची पाळी सर्वांवर फिरती ठेवली आणि मधल्या खेळाडूला सांगितले, की धावणारा मोकळा दिसला तर चेंडू त्यालाच द्यायचा. आमच्या त्या मुलाला चेंडू मिळाला तेव्हा त्याने तो इतक्या जोराने मारला, की थेट समुद्रात गेला. सारे हसले. तो आणायला गोल करणारा मुलगाच गुडघाभर पाण्यात उतरला.

थोड्या वेळाने तो मुलगा पुन्हा बगलेकडे धावत सुटला, तेव्हा समोरचा बॅक आपल्या सोबत्यावर ओरडला, "अरे, त्याला सोडू नको!"