कोणी ऐकले?

इंग्रजी कथालेखनाच्या वर्गांत एक नियम मंत्रासारखा घोकून घेतात: संवादापुढे फक्त ‘म्हणाला’, ‘म्हणाली’ लिहा, कसे म्हणाली ते लिहू नका. एल्मोर लेनर्डने २००१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधल्या आपल्या दहा नियमांत ही बंदी ठणकावून घातली. त्यामागचा वैताग कळतो. १९१० पासून निघालेल्या टॉम स्विफ्टच्या कुमारकादंबऱ्यांत संवादांना क्रियाविशेषणे इतकी चिकटलेली असत, की पुढे त्यांच्या नावाने शाब्दिक कोट्यांचा एक प्रकारच रूढ झाला. पण लेनर्डचा नियम साध्या रागाला, साध्या भीतीला पुरतो. ज्याच्यावर जीव आहे त्याचाच संताप आलेला माणूस ‘बरं’ म्हणतो, तेव्हा काय करायचे? आधी राग, मग माया असे आलटून पालटून येणे वेगळे; एकाच उच्चारात दोन्ही नांदणे वेगळे. या दुसऱ्या अवस्थेला निवेदकाची मदत लागणारच, असे मला लेनर्डला ठामपणे सांगावेसे वाटते.

पण हेमिंग्वेची ‘हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स’ (१९२७) आडवी येते. स्पेनमधल्या एका स्टेशनवर माद्रिदच्या गाडीची वाट पाहणारे जोडपे गर्भपाताविषयी बोलते आणि तो शब्द कथेत एकदाही येत नाही. ‘आता बोलणे थांबव’ हे सांगताना ती तरुणी ओळीने सात वेळा ‘प्लीज’ म्हणते. विनवणी आणि किंकाळी एकाच शब्दात! ‘अर्ध्या रागाने, अर्ध्या मायेने’ असे लेखकाने लिहिले असते, तर त्या मनाची नुसती वाटणी झाली असती.

तरी लेनर्ड जिंकला असे मला वाटत नाही, कारण त्या तरुणीला निदान तोंड उघडण्याची मुभा आहे. जेन ऑस्टिनच्या ‘पर्स्वेजन’ कादंबरीतल्या ॲन इलियटला ती नाही. आठ वर्षांपूर्वी ठरून मोडलेल्या लग्नाबद्दल कॅप्टन वेंटवर्थशी आपण होऊन बोलणे तिच्या समाजात बसत नाही. इथे निवेदकच हवा, असे मी म्हणालो असतो. पण १८१६ मध्ये ऑस्टिनने शेवटाकडची प्रकरणे बदलली ती निराळ्याच दिशेने. पहिल्या खर्ड्यात दोघे समोरासमोर येऊन समेट होतो. नव्या मजकुरात ॲन वेंटवर्थच्या मित्राशी, हार्विलशी बोलते, स्त्रियांच्या निष्ठेविषयी, अगदी सर्वसाधारण भाषेत, आणि त्याच खोलीत पत्र लिहीत बसलेला वेंटवर्थ ते ऐकतो. तिची व्यथा आणि तिची ओढ त्या शब्दांत एकत्र येतात, कारण ते बोलणे एकाला उद्देशून असते आणि पोचते दुसऱ्याला. क्रियाविशेषण असावे की नसावे, हा वाद तिथे मागे पडतो. वेंटवर्थच्या हातून लेखणी पडते, आणि नंतर तो आपले खरे पत्र लिहायला घेतो.